टाका-डायास्टेज : मद्यनिर्मितीतून औषधालयाकडे

पिष्टाचे शर्करेत रूपांतर करणारा घटक पायेन व पर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३३ मध्ये माल्टपासून वेगळा करून त्यास ‘डायास्टेज’ हे नाव दिले. जपानी साके-उत्पादक मात्र हेच कार्य कोजी बुरशीकडून शतकानुशतके करवून घेत होते. शोधाचे श्रेय बहुधा नामकरणालाच मिळते. जोकिची ताकामिने यांनी ही बुरशी गव्हाच्या कोंड्यावर वाढवून अमेरिकेतील पिओरिया येथे व्हिस्कीसाठी माल्टऐवजी वापरून पाहिली. माल्ट-व्यावसायिकांचा विरोध झाला, कारखाना आगीत सापडला. मद्यनिर्मितीत न रुजलेले हे विकर १८९४ च्या पेटंटनंतर पार्क-डेव्हिस कंपनीमार्फत अपचनावरील औषध म्हणून खपू लागले. पुढे ते जपानलाही परतले : सोसेकी यांच्या १९०५ पासून प्रकाशित झालेल्या मांजरनिवेदित कादंबरीतील अपचनग्रस्त शिक्षक हेच औषध घेतो.