पाहुणचार आणि पाणी

महाबळेश्वरास थंड हवेचे ठिकाण म्हणून रूप आले ते मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम व साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्या काळात, १८२८-२९ च्या सुमारास. १८४२ साली छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी वेण्णा तलाव बांधविला, तो गावाच्या पाण्यासाठी. नौकाविहार मागाहून आला.

पलीकडच्या खोऱ्यात १९६० च्या दशकात कोयना धरण उभे राहिले, ते विजेसाठी. शिवसागर जलाशयात कित्येक गावांची शेते-घरे बुडाली. त्याच पाण्याकाठी तापोळ्यास आज पर्यटक निवांतपणा शोधतात. त्या निवांतपणाचे मोल विस्थापितांनी आधीच मोजले आहे.

२००१ साली केंद्र शासनाने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला. बांधकाम व वृक्षतोडीस मर्यादा आल्या. कित्येकांस ती अडवणूक वाटते. परंतु वेण्णा माहुलीस कृष्णेला मिळते, कोयना कऱ्हाडास. आणि ती कृष्णा पुढे सांगलीच्या घाटाला लागते. डोंगरावरील ऐषारामी निवासांतून सांडपाणी सुटले, तर ते खालच्या भावंडांच्याच घागरीत उतरणार. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीला आपले सामाईक घर म्हटले, त्याचा अर्थ आपल्या जिल्ह्यांत असा वाहता आहे.

याकोबाच्या विहिरीवर थकलेल्या प्रभू येशूने शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितले. पाहुणा म्हणून तो मागता झाला; विहीर त्याने आपली म्हटली नाही. सुट्टीत डोंगर चढताना आपल्या कुटुंबांनी एवढे स्मरावे.