लोणारचा क्षार आणि सूत्राचा जमाखर्च

आपल्या शहराच्या पूर्वेस, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे खारे सरोवर आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त, या भागात काच व साबण करण्याचे साहित्य मिळते, अशी नोंद केली. पाणी आटल्यावर मिळणाऱ्या क्षारांना काढणाऱ्यांनी नावे दिली होती: दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. हाताला व डोळ्याला जाणवलेल्या फरकांची ही नावे होत. परंतु नावावरून आत काय आहे हे परक्याला कळत नाही.

ही अडचण सर्वच देशांत होती. स्वीडनच्या बर्झेलियसने १८१३ च्या सुमारास मूलद्रव्यांना अक्षरचिन्हे दिली. १८३४ साली फॅरडेने 'आयन' हा शब्द रूढ केला. पुढे आऱ्हेनियसने, क्षार पाण्यात विरघळला की त्याचे विद्युतभारित आयन सुटे होतात, असे प्रतिपादन केले. त्याच्या १८८४ च्या प्रबंधाला परीक्षकांनी खालची श्रेणी दिली. १९०३ साली त्याच विचाराला नोबेल पारितोषिक मिळाले.

या विचारातून सूत्र लिहिण्याचा नियम स्पष्ट झाला: धनभार आणि ऋणभार समसमान हवेत. सोडियमचा भार एक धन, कार्बोनेटचा दोन ऋण. म्हणून दोन सोडियम, एक कार्बोनेट. हा धुण्याचा सोडा. बायकार्बोनेटचा भार एक ऋण. म्हणून एकास एक. हा खाण्याचा सोडा. हायड्रॉक्साइडचाही एक ऋण. पुन्हा एकास एक, पण जोडीदार निराळा. हा कॉस्टिक सोडा. तो कातडी जाळतो, डोळा घालवतो. खाऱ्या सरोवरांकाठी आढळणाऱ्या ट्रोना या क्षारात तीन सोडियम, एक कार्बोनेट, एक बायकार्बोनेट व पाण्याचे दोन रेणू असतात. तीन धन, तीन ऋण. पाण्याला भार नाही. जमाखर्च जुळला!

बाजारात या तिन्ही सोड्यांना नुसते 'सोडा' म्हणतात. पोते उचलणाऱ्या कामगाराला ते पुरेसे नाही. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यात कामगारांना धोक्याची माहिती देणे मालकावर बंधनकारक झाले. हा हक्क झगडून राखावा लागतो, आणि वाचता येत नसेल तर तो भिंतीवरच्या कागदातच राहतो. म्हणून वाळूज-चिकलठाण्याच्या कामगारांच्या अभ्यासवर्गात पगाराच्या हिशेबाशेजारी हा हिशेबही शिकवला पाहिजे. तो शिकायला पदवी लागत नाही. बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कोणालाही तो जमतो.