बाहुलीच्या घराचे दार

१९९७ साली अमेरिकेतील मॅटेल कंपनीने चाकांच्या खुर्चीत बसलेली बेकी नावाची बाहुली विक्रीस आणली. तिचे कौतुक पुष्कळ झाले. पण तिची मैत्रीण बार्बी हिच्या बंगल्यात ती खुर्ची काही शिरेना! हे वैगुण्य दाखवून दिले ते एका अपंग विद्यार्थिनीने. पुढे २०१९ साली खुद्द बार्बीच खुर्चीत बसली, आणि या वेळी सोबत चढउताराची फळीही आली. २०२३ च्या 'बार्बी' चित्रपटात खुर्चीतील अशी एक बाहुली इतर बाहुल्यांबरोबर नाचते. डॉक्टर बाहुलीचे काम तर हरी नेफ ह्या पारलिंगी अभिनेत्रीने केले आहे. चित्रपट त्याविषयी चकार शब्द काढीत नाही, हीच त्याची शोभा.

इंदूरकर श्रोत्यांना येथे शबनम मौसींचे स्मरण व्हावे. १९९८ ते २००३ ह्या कालखंडातील मध्यप्रदेश विधानसभेत सोहागपूरच्या मतदारांनी त्यांना निवडून पाठविले. तृतीयपंथी आमदार भारताने त्यापूर्वी पाहिला नव्हता. २००५ साली त्यांच्या जीवनावर हिंदी चित्रपट निघाला. भूमिका केली आशुतोष राणा ह्यांनी. नटाच्या कसबाविषयी वाद नाही. परंतु ज्या समाजाला सोहागपूरच्या साध्या मतदारांनी विधानसभेचे दार उघडून दिले, त्यातील कोणालाही ही भूमिका मिळाली नाही.