बाळंतपणानंतर ओसरणारी गाठ

आज इतिहासच सांगणार आहे, पण लढाया नाहीत. आजची गोष्ट आहे एका हार्मोनची. आणि पोरांनो, "हा बायकांचा विषय" म्हणून एपिसोड स्किप करू नका.

कल्पना करा, एका बाईला दिवस गेलेत. सहावा-सातवा महिना आहे. अचानक हनुवटीवर दाट केस यायला लागतात, चेहरा मुरुमांनी भरतो, आवाज घोगरा होतो. तपासलं तर अंडाशयात भलीमोठी गाठ! डॉक्टरांना पहिली शंका येणार कॅन्सरचीच. मग काय, ऑपरेशन आणि अंडाशय बाहेर.

आता जरा मागे जाऊ. १९३५ साल. शिकागोत स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात बायकांच्या केसेस छापल्या. पाळी अनियमित किंवा बंद, काहींच्या अंगावर जास्त केस, आणि अंडाशयं मोठी, बारीक बारीक सिस्टनी भरलेली. आज आपण ज्याला पीसीओएस म्हणतो, ते हेच. त्यांनी अंडाशयाचा पाचरीसारखा तुकडा कापून काढला. सातही जणींची पाळी परत सुरू झाली, दोघींना दिवस राहिले. गंमत म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे नावही त्याच वर्षीचं. हे 'पुरुषी' हार्मोन बाईचं अंडाशयही बनवतं, हे मात्र लोकांच्या पचनी पडायला वेळ लागला.

त्या सात जणींना कापण्याचा फायदा झाला. पण गरोदरपणातल्या गाठीचं गणित वेगळं निघालं. १९६३ मध्ये स्टर्नबर्ग या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने तिला नाव दिलं, 'ल्युटिओमा ऑफ प्रेग्नन्सी'. ही खरी ट्यूमर नाहीच. गरोदरपणातल्या हार्मोन्सच्या जोरावर अंडाशयातल्या पेशी वाढतात, कधी १० सेंटीमीटरच्याही वर. काही जणींमध्ये त्या भरपूर अँड्रोजन सोडतात. आणि बाळंतपण झालं की काही आठवड्यांत गाठ आपोआप ओसरते! म्हणजे आधी कितीतरी बायकांचं अंडाशय उगाचच काढलं गेलं असणार.

मग पोटातल्या बाळाचं काय? आईच्या रक्तात एवढं अँड्रोजन असूनही बऱ्याच मुली अगदी व्यवस्थित जन्मतात. कसं काय? इथे आपली हिरो येते: वार. हो, तीच, जी बाळंतपणानंतर टाकून देतात. वारेत अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं. ते अँड्रोजनचं इस्ट्रोजेन करून टाकतं. आमच्या भाषेत सांगायचं तर फायरवॉल. पण फायरवॉललाही मर्यादा असते. लोड फारच वाढला, तर मुलीच्या बाह्य जननेंद्रियांवर परिणाम होऊ शकतो.

हा पहारा किती मोलाचा आहे, ते कळलं १९९१ मध्ये जपानमधल्या एका केसमुळे. आईमध्ये गरोदरपणात पुरुषी लक्षणं दिसली आणि मुलीची जननेंद्रियंही वेगळी होती. शोधलं तर गडबड वारेत निघाली: अरोमाटेज काम करत नव्हतं. बाळाच्याच अॅड्रिनल ग्रंथी जो कच्चा माल बनवतात, त्याचं इस्ट्रोजेन होईना. अँड्रोजन साचत गेलं आणि आईपर्यंत पोचलं. म्हणजे दरवेळी आईच्या अंडाशयावर खापर फोडून चालत नाही.

आज सोनोग्राफी आहे, रक्ततपासण्या आहेत. अशी गाठ दिसली, कॅन्सरची लक्षणं नसली आणि गाठीला पीळ वगैरे पडला नसेल, तर डॉक्टर बहुधा लक्ष ठेवून थांबतात. आईची बाकीची लक्षणं हळूहळू कमी होतात. घोगरा आवाज मात्र कधी कधी तसाच राहतो.

मला या इतिहासात सगळ्यात भारी काय वाटलं सांगू? इथे प्रगती झाली ती हात आवरायला शिकल्यामुळे.

तेव्हा घरात, ओळखीत कुणा गरोदर बाईच्या चेहऱ्यावर केस दिसले, तर टोमणे नकोत, कुजबुज नको. "डॉक्टरांना दाखवलंस का?" एवढंच विचारा. आणि हा एपिसोड तिच्या नवऱ्यालाही पाठवा. भेटू पुढच्या भागात!