खेळण्याचे छायाचित्र आणि प्रताधिकार

बाजारातून विकत आणलेल्या खेळण्याचे छायाचित्र काढून ते विकावयाचे असेल, तर कोणाची अनुमती घ्यावी लागते? प्रश्न वरकरणी पोरकट वाटतो. परंतु अमेरिकेतील न्यायालयांना त्याचे उत्तर शोधण्यास बरीच वर्षे लागली. छायाचित्र ही स्वतंत्र कृती होऊ शकते, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८८४ मध्ये ऑस्कर वाइल्डच्या छायाचित्रासंबंधीच्या खटल्यात मान्य केले होते. तथापि तेथे कॅमेऱ्यासमोर होता तो माणूस. समोरची वस्तूच दुसऱ्या कोणाची कलाकृती असली म्हणजे काय, हा प्रश्न तेथे उद्भवला नाही.

१९८३ मध्ये एका खेळण्यातील विमानाविषयी वाद झाला. विमान ही उपयुक्त वस्तू, म्हणून तिला प्रताधिकार नाही, असे कनिष्ठ न्यायालयाने ठरविले होते. अपील न्यायालयाने ते फिरविले. खरे विमान माणसे वाहून नेते. खेळण्यातले विमान केवळ विमानाचे रूप दाखविते. याउलट २००० मध्ये व्होडकाच्या एका बाटलीच्या छायाचित्राबाबत, बाटली ही उपयुक्त वस्तू असल्याने ते छायाचित्र साधित कृती ठरत नाही, असा निर्णय झाला. म्हणजे दारूच्या बाटलीपेक्षा बाहुलीचे चित्र घेणे अधिक जोखमीचे! बाटलीवरचे व्यापारचिन्ह झाकता येते. बाहुलीचे नाव खोडले तरी प्रताधिकाराचा विषय असलेला तिचा चेहरा उरतोच.

सर्वांत गाजला तो टॉम फोर्साइथ ह्यांचा खटला. त्यांनी १९९७ मध्ये बार्बी बाहुलीची ७८ छायाचित्रे काढली; कोठे ती मिक्सरमध्ये, कोठे ओव्हनमध्ये. मॅटेल कंपनीने १९९९ मध्ये फिर्याद केली. डिसेंबर २००३ मध्ये अपील न्यायालयाने प्रताधिकार व व्यापारचिन्ह ह्या दोन्ही बाबतींत छायाचित्रकाराच्या बाजूने कौल दिला. पुढे २००४ मध्ये त्यांना वकिलांची फी व खर्च मिळून १८ लाख डॉलरांहून अधिक रक्कम मंजूर झाली. हा निर्णय छायाचित्रकारांचा सर्वसाधारण विजय म्हणून सांगण्याची प्रथा आहे. ती मला सदोष वाटते. फोर्साइथ ह्यांना जे संरक्षण मिळाले, ते बार्बीवरील विडंबनाला मिळाले. आधीच काढून ठेवलेले व येईल त्या ग्राहकास द्यावयाचे 'स्टॉक' छायाचित्र कशावरही टीका करीत नाही. त्याचा हेतू ग्राहक नंतर ठरवितो.

अशा व्यावसायिकास अधिक जवळचा आहे तो २००९ चा श्रॉक खटला. थॉमस ह्या आगगाडीच्या खेळण्यांची छायाचित्रे परवानाधारक कंपनीनेच श्रॉक ह्यांच्याकडून काढवून घेतली होती. काम देणे थांबविल्यावरही ती वापरणे चालू राहिले. प्रकाश, कोन व मांडणी ह्यांतील अल्प मौलिकताही पुरेशी आहे, आणि खेळण्याची छायाचित्रे काढण्यास अनुमती असेल तर प्रताधिकारासाठी वेगळी अनुमती लागत नाही, असे अपील न्यायालयाने म्हटले. मात्र पक्षांना कराराने हा नियम बदलता येतो. तसा तो बदलला होता काय, हे पाहण्यासाठी प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत गेले.