खळ्यावरचा वांधा, दारावरची पावती

लासलगावच्या बाजार आवारात बोली लागली म्हणजे सौदा संपला असे नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेने उभ्या असतात. व्यापाऱ्यांचा घोळका आणि बाजार समितीचा कर्मचारी एकेका ट्रॉलीपाशी येतो. वरचे चार कांदे उचलून, दाबून पाहिले जातात आणि बघता बघता क्विंटलचा भाव चिठ्ठीवर उतरतो. भुईकाट्यावर वजन करून गाडी व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते. तिथे माल ओतताना खालून गोल्टी म्हणजे बारीक कांदा, जोड नाहीतर सडका कांदा निघाला, की व्यापारी म्हणतो, या भावाने हा माल नको. हा झाला वांधा. ट्रॉली अर्धी रिकामी, अर्धी भरलेली. शेतकऱ्याला धड पैसे मिळत नाहीत, धड घरीही जाता येत नाही.

अशा वेळी परस्पर भाव पाडून घेण्यापेक्षा बाजार समितीकडे जाण्याचा रस्ता शेतकऱ्याला मोकळा असतो. समितीची माणसे माल पाहतात, दोघांचे ऐकतात आणि तोड काढतात. तोड निघाली नाही, तर माल पुन्हा लिलावात नेता येतो. एवढी साधी सोय, पण ती व्हायला काही पिढ्या गेल्या.

लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाचा अहवाल १९२८ साली आला. देशातल्या शेतमालाच्या बाजारांत काय चालते, ते त्यात उघड लिहिले आहे. वजनकाटे विकणाऱ्याच्या विरुद्ध झुकवले जात. धर्मादायाच्या नावाखाली पैसे कापले जात. वानगी म्हणून मूठ-मूठ नव्हे तर भरपूर माल काढून घेत आणि सौदा फिसकटला तरी त्याचा दाम देत नसत. भाव ठरे तो रुमालाखाली, दलालांच्या बोटांच्या खुणांनी. माल ज्याचा, तो शेजारी उभा असूनही आपला माल कितीला गेला हे त्याला कळत नसे.

यावरचे उपाय आधी कापसाच्या बाजारात झाले. वऱ्हाडात कारंज्याला १८८६ साली नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. मुंबई इलाख्याने १९२७ साली कापूस बाजाराचा आणि १९३९ साली सर्व शेतमालाच्या बाजारांचा कायदा केला. त्यानंतर १९४७ मध्ये लासलगावची बाजार समिती स्थापन झाली. मुंबई-भुसावळ लोहमार्गावरचे स्टेशन आणि भोवतालचा कांद्याचा मुलूख, यामुळे निफाड तालुक्यातल्या या गावाच्या भावाकडे पुढे अख्खा देश पाहू लागला.

रुमाल जाऊन उघडा लिलाव आला आणि शेतकऱ्याच्या हाती हिशोबपट्टी पडू लागली. वजन, भाव, कपात, हाती येणारी रक्कम, सगळे एका कागदावर. १९६३ च्या राज्य कायद्याने हीच व्यवस्था महाराष्ट्रभर लागू केली. नंतरची भांडणे या कागदावरच्या एकेका ओळीवरून झाली. २०१६ च्या जुलैत राज्य सरकारने फळे-भाजीपाल्याची आडत, म्हणजे दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले, तेव्हा व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. २०२४ च्या एप्रिलमध्ये हमाली-तोलाई कोणाच्या पैशातून कापायची यावरून नाशिक जिल्ह्यातले कांदा लिलाव पुन्हा ठप्प झाले. वजन भुईकाटा करतो, मग तोलाई कसली, हा शेतकऱ्यांचा जुना सवाल होता. ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांचे म्हणणे असे, की १९६९ च्या माथाडी कायद्याने मिळालेली मजुरी आम्ही का सोडावी.

पट्टी खरी असली म्हणजे भाव चांगला असतो, असे मात्र नाही. २०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले. त्याने ते मनीऑर्डरने थेट पंतप्रधानांना पाठवले, वर मनीऑर्डरचे ५४ रुपये पदरचे घातले. रक्कम कागदावर होती, म्हणून ती देशाला दाखवता आली.

विकणाऱ्याने झगडून मिळवला तसाच कागद खरेदी करणाऱ्याच्या हाती पावती म्हणून येतो. तीही हक्काचीच. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला आणि २०१९ च्या नव्या कायद्याने बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. सुपरमार्केटच्या दारात मात्र त्याच बिलाचे काम उलटे होते. पैसे चुकते करून निघालेल्या गिऱ्हाइकाला गणवेशातला रक्षक थांबवतो, बिल मागतो, पिशवीत डोकावतो आणि बिलावर शिक्का मारतो.

पण या रक्षकाचा अधिकार किती? माथाडी कामगारांच्या मंडळांच्या धर्तीवर महाराष्ट्राने १९८१ साली खासगी सुरक्षा रक्षकांसाठीही कायदा केला. तो त्यांच्या रोजगाराचा आणि कल्याणाचा; पोलिसांचे अधिकार त्याने दिलेले नाहीत. २०२४ च्या १ जुलैपासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार कोणीही खासगी माणूस दुसऱ्याला पकडू शकतो, पण आपल्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला किंवा समोरचा फरार घोषित गुन्हेगार असला तरच. पकडल्यावर सहा तासांच्या आत त्याला पोलिसांकडे द्यावे लागते. पाच हजारांच्या आतली साधी चोरी नव्या कायद्यात सहसा अदखलपात्र आहे. म्हणजे साबणाच्या वडीच्या संशयावरून कोणाला मागच्या खोलीत बसवून ठेवले, तर बेकायदा अडवणुकीचा गुन्हा बसवून ठेवणाऱ्यावरच येऊ शकतो. बिल दाखवायला हरकत नसावी. बळजबरीची झडती मात्र नाकारता येते आणि पोलिसांना बोलवा असे सांगता येते.

खळ्यावर अडलेल्या शेतकऱ्यासाठी बाजार समिती हाकेच्या अंतरावर आहे. मॉलच्या दारात अडलेल्या गिऱ्हाइकासाठी तसे काहीच नाही. त्याला दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागते. २०१९ च्या कायद्यामुळे खरेदी मुंबईत झाली असली तरी राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे लासलगावच्या माणसाला नाशिकचा आयोग पुरतो. खरेदीची किंमत पाच लाखांपर्यंत असली तर फी लागत नाही. तक्रारीला जोडायचा पहिला कागद म्हणजे रक्षकाने शिक्का मारलेले तेच बिल.