सात तलाव आणि एक झिरा

जुलै उजाडला की आमच्या घरी सकाळी पेपरसाठी ओढाओढ होते. हवी असते ती कोपऱ्यातली छोटी चौकट : सात तलावांत किती टक्के साठा. परवा नातवाने विचारलं, "आजी, विहार सगळ्यात लहान असून त्याचं एवढं कौतुक का?" म्हटलं, अरे, लहान तुळशी. विहार सगळ्यात थोरला, वयाने!

त्याला सांगितलं ते इथेही लिहून ठेवते.

जुनी मुंबई विहिरी आणि तलावांवर जगे. धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक ही नावं आपण रोज घेतो. तलाव बुजले, नावं उरली. 1854 साली पाणी इतकं आटलं की गुरं शहराबाहेर हलवावी लागली आणि पाणी होड्यांतून, आगगाडीतून आणावं लागलं. आगगाडी सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. (2016 साली मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली, तेव्हा मला हेच आठवलं. 162 वर्षांनी तोच धडा!)

त्यानंतर हेन्री कॉनिबेअर या इंजिनियरच्या योजनेप्रमाणे मिठी नदीच्या उगमाकडे बांध घालून 1860 साली विहारचं पाणी नळाने शहरात आलं. कुलाब्याचं अफगाण चर्चही याच गृहस्थांचं. पण शहर वाढतच होतं. 1879 साली तुळशी आला, 1892 साली तानसा. तानशाचा दगडी बांध सुमारे पावणेतीन किलोमीटर लांब आहे. पुढे 1957 साली वैतरणेवर धरण झालं, त्याला पालिकेच्या मोडक इंजिनियरांचं नाव मिळालं. मग ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि 2014 साली मध्य वैतरणा. साती तलाव मिळून साठवण सुमारे साडेचौदा लाख दशलक्ष लिटर, त्यातली जवळजवळ निम्मी एकट्या भातशाची. डोंगरातलं पाणी मोठमोठ्या पाइपांतून आणि बोगद्यांतून बहुतांशी उताराने खाली येतं. भांडुपला शुद्ध होतं आणि आपल्या नळाला लागतं. बांधणाऱ्यांना मनापासून नमस्कार.

इथवर नातू खूश. पण पुढचं मी त्याला सांगितलं नाही.

तानसा आणि भातसा आहेत शहापूर तालुक्यात. मी तिथल्या एका शाळेत बरीच वर्षं होते. कल्याणहून लोकलने आसनगाव, तिथून एसटी, शेवटी चालत. वाटेत मुंबईची पाइपलाइन ओलांडावी लागे. कान लावला की आतून घुमल्यासारखा आवाज येई. कुठे सांध्यातून गळत असलं की तिथे हंड्यांची रांग लागलेली.

एप्रिलमधली गोष्ट. सातवीतली एक मुलगी रोज दुसऱ्या तासाला उगवायची. एक दिवस मी तिला वर्गाबाहेर उभं केलं. तास संपल्यावर विचारलं तर म्हणाली, "बाई, झिऱ्यावर नंबरच लागला नाही." खडकातून वाटी वाटी झिरपणारं पाणी, त्याला पहाटे तीनपासून नंबर. आणि त्या तासाला मी वर्गात काय शिकवत होते? नदीकाठच्या प्राचीन संस्कृती! पुन्हा तिला बाहेर उभं केलं नाही, पण तेवढ्याने काय होतं?

धो धो पावसाच्या मुलखात असं का, हे मला नंतर कळलं. खाली काळा कातळ, तो पाणी फारसं मुरू देत नाही, म्हणून विहिरी मार्चमध्येच तळ दाखवतात. धरणातलं पाणी खोऱ्यात, पाडे टेकडीवर. मुंबईकडे उतार आहे, पाड्याकडे चढ. चढावर पाणी न्यायचं तर पंप हवा, वीज हवी, बिल भरणारं कुणीतरी हवं. मुंबईसाठी शंभर किलोमीटर पाइप टाकता आले, मग चार किलोमीटरचा चढ अवघड का व्हावा? धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात ते हेच. इगतपुरीच्या भावली धरणातून शहापूरच्या गावांना उताराने पाणी आणायची योजना मंजूर झाली. त्या पाण्याचा नळ शेवटच्या पाड्यावर वाहील तेव्हा मी तो सात तलावांच्या पुढचा आठवा मानीन.

आपण इतिहासात धरणाचं साल आणि बांधणाऱ्याचं नाव पाठ करून घेतो. काठावर तहानलेल्यांचं साल कुठल्याच पुस्तकात नसतं. मीही कधी फळ्यावर लिहिलं नाही.

असो. ती मुलगी आता पन्नाशीला आली असेल. नातवाला या सुट्टीत तानसा दाखवायला नेणार आहे. बांध बघून झाला की तो झिराही दाखवीन. तोवर त्याला एवढंच सांगितलंय, दात घासताना नळ बंद ठेव. कारण विचारलं, म्हटलं, तिथे गेल्यावर सांगते.